दहा वर्षांची बाटली

लग्नानंतरच्या पहिल्या नऊ वर्षांत माझा नवरा घरी राहिला तो सगळा मिळून साडेअकरा महिने. रत्नागिरीला आमच्या वाडीत त्या काळी प्रत्येक खलाशाच्या बायकोला असला एक आकडा तोंडपाठ असे. विहिरीवर भेटलो की नव्या लुगड्याची किंमत विचारावी तसा आम्ही तो एकमेकींना विचारायचो. सगळ्यांत कमी आकडा माझा, म्हणून माझी घागर पहिली भरू देत. असला मान मेला कुणाला हवा होता?

घरात आम्ही दोघंच, मी आणि मामंजी. सासूबाई माझ्या लग्नाच्या आधीच गेलेल्या. मामंजी माड काढत, म्हणजे माडावर चढून माडी उतरवत. साठी जवळ आलेली, पण सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी, दिवसातून तीन वेळा चढायचे. नारळाची कोवळी पोय, म्हणजे न उमललेला फुलोरा, बांधायची, हळूहळू ठोकायची, टोक कोयत्यानं पातळ कापायचं आणि खाली मडकं लावायचं. मडक्यात थेंब थेंब रस जमतो. उजाडता उजाडता उतरवलेला रस साखरेसारखा गोड असतो, दहा वाजता जिभेला चावतो, दुपारी डोक्यात जातो, आणि दुसऱ्या दिवशी आंबट होऊन जातो. माडीला आजचा दिवस असतो, उद्याचा नसतो, असं मामंजी म्हणत.

माझे वडील चिपळूणच्या अलीकडे मराठी शाळेत मास्तर. मी चौथीपर्यंत शिकलेली, आणि माडीचा वास माझ्या माहेरात कधी शिरला नव्हता. सासरच्या पहिल्या सकाळी मी नाकाला पदर लावला. मामंजींनी बघितलं नि म्हणाले, "लाव गो सूने, लाव. महिन्याभरानं आपोआप सुटेल." पंधरा दिवसांत सुटला.

मामंजींच्या जिभेची ख्याती सगळ्या पंचक्रोशीत होती. माडी चाखून ती कुठल्या माडाची, खाऱ्या पाण्याजवळच्या की वरच्या भाटातल्या, म्हणजे बागेतल्या, हे ते सांगत. पण त्याचा उपयोग शून्य. झाडावर अबकारी खात्याचा नंबर कोरलेला, आणि उतरवलेली सगळी माडी दुकानाच्या मक्तेदाराकडे जायची. तिथे चांगल्याची नि वाईटाची एकाच पिंपात भर, वर दोन घागरी पाणी. मामंजी त्या दुकानात कधी प्यायले नाहीत. आपलंच पोर कुणी मारताना बघवत नाही, म्हणायचे.

आमचे हे जहाजावर खलाशी. लग्नाला चौथं वर्ष चालू असताना फ्रान्सच्या बोर्दो बंदरात माल उतरवताना ते फळकुटावरून खाली पडले आणि पाय मोडला. जहाज कुणासाठी थांबतं? ते निघून गेलं, आणि हे तिथल्या इस्पितळात राहिले. हे सगळं आम्हाला अडीच महिन्यांनी पत्रातून कळलं. मधल्या अडीच महिन्यांत पत्र नाही, पैसे नाहीत, तेव्हा मी काय काय मनात आणलं ते आता कागदावर लिहिणार नाही. पाय वाकडा जुळला होता. वाकड्या पायाचा खलाशी कुठलं जहाज घेणार? नदीकाठी दारूच्या व्यापाऱ्यांच्या वखारी होत्या, तिथे पिंपं लोटायचं काम यांना मिळालं. पुढे द्राक्षांच्या हंगामाला व्यापाऱ्यानं गावाकडे एका मळ्यावर पाठवलं. तिथल्या तळघराचा मुख्य म्हातारा होता, त्याला यांचं नाक आवडलं. नाक बापाचं होतं, ते कुठे जाणार. त्यानं यांना ठेवूनच घेतलं.

यांचं तिथलं पहिलं वर्ष सरता सरता शेजारच्या वाडीतला एक खलाशी रजेवर आला. मांडवीच्या बंदरात आगबोटीवरून पडावात उतरताना त्यानं गोधडीत बांधलेली एक वस्तू तान्ह्या पोरासारखी छातीशी धरली होती, असं लोक सांगत. ती गोधडी त्यानं आमच्या पडवीत आणून सोडली. आत काळसर हिरवी बाटली, मानेला शिशाचं टोपण, पोटावर कागद आणि कागदावर एका मोठ्या घराचं चित्र. सोबत पत्र. मी ते मामंजींना वाचून दाखवलं.

यांनी लिहिलं होतं: "ही आमच्या मळ्याची द्राक्षाची दारू आहे. इथे हिला दारू म्हणत नाहीत, जेवणासारखं मानतात. ही आज प्यायची नाही. आडवी ठेवावी, थंड आणि काळोखी जागा बघावी. दहा वर्षांनी तयार होईल. तेव्हा मी घरी येऊन बाबांच्या समोर फोडीन. घरी सर्वांनी प्रकृतीस जपावे."

मामंजींनी विचारलं, "किती वर्षं?"

"दहा."

"परत बग. दहा दिवस असतील."

मी परत बघितलं. दहा वर्षंच होती. आमच्याकडे पी हळद नि हो गोरी असला धंदा, आणि हा कोण दहा वर्षं लावणारा? मामंजी हसत सुटले. मला हसू आलं नाही. मला त्या वाक्यात बाटली दिसलीच नाही, फक्त "तेव्हा मी घरी येऊन" एवढंच दिसलं. मी वीस वर्षांची होते. दहा वर्षांनी तीस. तेव्हा माझ्या मांडीवर कुणी असेल का, हे तरी त्या बाटलीला विचारायला हवं होतं. त्या दिवसापासून ती माझी सवत झाली. कानामागून आली आणि तिखट झाली.

मामंजींनी तिला पाण्याच्या घड्याखालच्या ओल्या वाळूत आडवी निजवली, वर सोललेल्या नारळांची सोडणं रचली. घरात सर्वांत थंड जागा तीच. मी पाणी घ्यायला वाकले की ती पायाशी. कधीकधी मी तिला पायानं हलकेच ढोसत असे, हे आज कबूल करते.

मग पत्रं येऊ लागली, दीड-दोन महिन्यांनी एक. आणि काय असायचं त्यांत? द्राक्षं. पानंच्या पानं द्राक्षं. आधी मी चुलीपाशी एकटी वाचायची, मला काही आहे का बघायला, आणि मग बाहेर येऊन मामंजींना मोठ्यानं. मला असायचं ते शेवटी, "घरी सर्वांनी प्रकृतीस जपावे". त्या "सर्वांनी"मध्ये मी अर्धी, आणि गाय धरली तर तिसरा हिस्सा.

मामंजी मात्र पत्रातला शब्द न् शब्द ऐकायचे. मळ्याची जमीन म्हणजे नुसते गोटे, असं यांनी लिहिलं. त्यांत दुसरं काही उगवत नाही, वेलींना पाणी घालत नाहीत, आणि तिथले लोक म्हणतात की वेल हालात वाढली तरच तिच्या फळाला चव येते. सुपीक जमिनीतली द्राक्षं मोठी, रसाळ आणि पाणचट. मामंजींनी आपल्या अंगणापलीकडच्या कातळाकडे बघितलं. म्हणाले, "त्याला सांग, इथं पण कातळावरचाच आंबा चांगला लागतो. फ्रान्साला जायला नको होतं शिकायला."

मी तसंच लिहून टाकलं. पत्रं लिहायची मी, पण बोलणं त्या दोघांचं. मी मधली दोरी. एक टोक बोर्दोला, दुसरं माडावर.

हंगामाचं पत्र आलं तेव्हा मामंजी दुपारचे चढायला निघाले होते, ते खाली बसले. चाळीस माणसं ओळीनं वेलीत शिरतात, बायका-पुरुष, कितीतरी स्पेनवरून आलेले. सडका, कच्चा मणी हातानं काढून टाकायचा. मग देठ काढून द्राक्षं मोठ्या लाकडी टाक्यांत भरायची, आणि ती खालून जाळ न लावता आपोआप उकळतात. सालं वर येतात, ती दिवसातून दोनदा खाली ढकलायची, नाहीतर रंग उतरत नाही. टाकीत तोंड घालून वास घेतला तर माणूस आत कोसळतो.

"उकळतं ना?" मामंजी म्हणाले. "मग आमचंच. बाकी सगळं कौतुक."

पण पुढचं कौतुक त्यांनाही जड गेलं. ते उकळून थांबलं की ओकच्या नव्या पिंपांत भरतात आणि दोन वर्षं ठेवतात. पिंपाचं लाकूड थोडं थोडं पितं, म्हणून आठवड्याला वरून त्याच रसाची भर घालायची, काठोकाठ, वाऱ्याला बोटभरही जागा ठेवायची नाही. गाळ बसवायला पिंपागणिक पाच-सहा अंड्यांचा पांढरा बलक फेटून घालतात. पिवळा मळ्याच्या स्वयंपाकघरात जातो. मी म्हटलं, म्हणजे आमच्या माणसाला दुपारी काय जेवायला मिळतं ते कळलं. मामंजी म्हणाले, "अंडी घालून माडी केली तर मक्तेदार कोंबड्या पण मागेल."

दारूचा भाव कसा ठरतो ते सांगणारं पत्र सर्वांत लांब होतं. वसंतात शहरातून दलाल येतात. पिंपातून काचेच्या नळीनं थेंबभर काढून तोंडात घोळवतात आणि थुंकतात. मामंजींनी मला तिथे थांबवलं. थुंकतात? मी परत वाचलं. थुंकतात. बराच वेळ ते नुसते मान हलवत राहिले.

तर हे दलाल थुंकून व्यापाऱ्याला सांगतात, आणि व्यापारी माल तयार व्हायच्या आत भाव बांधतो. भाव नुसत्या चवीवर नसतो. आजोबांच्या काळात कधीतरी तिथे मळ्यांची एक यादी केली होती, पाच पायऱ्यांची. कोण पहिल्या पायरीवर, कोण पाचव्या, ते तेव्हा ठरलं ते ठरलं. यांच्या मळ्याच्या आणि पलीकडच्या मळ्याच्या मध्ये एक गाडीवाट होती. दगड तेच, पाऊस तोच, वेल तीच. पलीकडचा दुसऱ्या पायरीवर आणि हा यादीतच नाही, म्हणून त्याच्या पिंपाला याच्या तिप्पट भाव. तळघराचा म्हातारा म्हणे रोज सकाळी त्या गाडीवाटेवर उभा राहून पलीकडे थुंकायचा.

मामंजी म्हणाले, "म्हंजे द्राक्षांना पण जात हाय."

मी ते लिहिलं नाही. त्या दिवशी मामंजी माडावरून उशिरा उतरले.

आणखी एका पत्रात कागदाच्या चित्राचा खुलासा होता. पूर्वी मळेवाले पिंपंच्या पिंपं विकून मोकळे होत. व्यापारी नदीकाठच्या वखारीत बाटल्या भरायचा, आणि त्यात दक्षिणेकडचं स्वस्त काय काय मिसळायचा, आणि वर मळ्याचं नाव लावायचा. आता काही मालक हट्टाला पेटले होते. बाटली आमच्याच घरी भरणार, बुचावर आमचंच नाव छापणार. हे ऐकून मामंजींनी हातातलं पान खाली ठेवलं. मग म्हणाले, "विचार त्याला, नाव कुणाचं घालतात. करणाऱ्याचं की जमीनवाल्याचं."

उत्तर यायला तीन महिने लागले. जमीनवाल्याचं. तळघराच्या म्हाताऱ्याचं नाव त्या मळ्यावर कुठेच नव्हतं, त्याच्या चपलांवरसुद्धा. मामंजी म्हणाले, पळसाला पानं तीनच, आणि कमरेला दोर बांधून निघाले.

आता जे घडलं ते सांगते.

बाटली येऊन वर्ष होत आलं असेल. एका सकाळी पाणी काढताना वाळूवर लाल डाग दिसला. मी पान खात नाही, मामंजी खात, पण पाण्याच्या घड्याखाली थुंकणारे ते नव्हते. सोडणं बाजूला केली तर बाटलीच्या मानेतून बारीक थेंब येत होता. तेवढ्यात मामंजी आले. हातात पोती शिवायचं दाभण. माझ्याकडे बघून ते चोरी पकडल्यासारखे लाजले.

"आडवी हाय म्हणून गळते," ते म्हणाले. "उभी ठेवायला हवी. मी वारा देतो गो तिला. तोंड इतकं आवळून बांधलंय, एखाद दिवशी फुटेल नि आपण दोघं जाऊ."

यात त्यांचं काय चुकलं? जन्मभर त्यांनी पाहिलेलं एकच सत्य होतं: माडीचं तोंड घट्ट बांधायचं नाही. बुच मारलेली माडीची बाटली तासाभरात फुटते, काचा छपरात रुततात. आणि इथे मुलानं पाठवलेली वस्तू, तोंडावर शिसं ठोकलेली, दहा वर्षं तशी ठेवायची. त्यांना झोप लागत नसे म्हणे. म्हणून ते चार-आठ दिवसांनी बुचातून दाभण आरपार घालून तिला श्वास देत. "पण फुस्स करत नाय," ते मला हळूच म्हणाले. "जिवंत हाय की नाय कोण जाणे."

मला तेव्हा यातलं काहीच कळत नव्हतं. त्यांनी बाटली उभी केली, मी वाळू बदलली.

त्यानंतर दोनच महिन्यांनी पत्र आलं. चुलीपाशी वाचताना मी एका वाक्यावर थांबले. "बाटलीच्या बुचाला कोणीही हात लावू नये. सुईच्या टोकाएवढा वारा आत गेला तरी सगळी आंबून तिचा शिरका होईल, मग दहा वर्षं काय नि शंभर काय."

मी बाहेर येऊन पत्र वाचलं. ते वाक्य वाचलं नाही.

मामंजींना वाईट वाटेल म्हणून, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. त्यांनी जीव लावून केलेली गोष्ट, ती मी कशी मोडू? पण माझ्या मनात दुसरंही होतं, आणि ते आधी आलं होतं. बाटली नासली तर दहा वर्षांचं काय उरतं? कशासाठी थांबायचं मग? वेडेपणा आहे, मला कळतं. बाटली नासल्यानं माणूस लवकर येत नाही. पण मी एकवीस वर्षांची होते आणि संध्याकाळी विहिरीवर माझी घागर अजून पहिली भरत होती. मामंजी दाभण घेऊन घड्याकडे जाताना दिसले की मी पाठ करून भाकरी थापत बसायची. असं तीन वर्षं केलं. 

पुढे पत्रांचा सूर बदलला. अमेरिकेत दारूबंदी होतीच, आता जगभर मंदी आली, व्यापारी फिरकेनात. त्या मळ्यावर सलग दोन हंगाम असे उत्तम आले की म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि तीच पिंपं विकली जाईनात. यादीतल्या मळ्यांचेही भाव कोसळले, मग यादीबाहेरच्याला कोण विचारतो? एका पत्रात एवढंच होतं की मालकानं परदेशी माणसं कमी केली. त्यानंतर पत्र नाही.

पावसाळा संपून आगबोटी सुरू झाल्या त्या आठवड्यात, भर दुपारी, अंगणात वाकड्या पायाचा एक माणूस उभा राहिला. अंगावर फाटका कोट, हातात पत्र्याची पेटी. मी गायीला पेंढा घालत होते. मी त्यांना ओळखलं ते पायावरून नाही, उभं राहण्यावरून. मी पेंढाच घालत राहिले. गायीपुढे ढीग झाला.

हात-पाय धुऊन ते ओसरीवर बसले. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाले, "बाबा, बाटली आणा. रिकाम्या हातांनी आलोय, तेवढीच एक वस्तू आधी पाठवलेली."

मामंजी अशा झोकात बाटली घेऊन आले की मला तिथून पळून जावंसं वाटलं. यांनी टोपणावर हात फिरवला. शिसं चाळणीसारखं झालं होतं. चाकूनं ते काढलं आणि बुचाला धरलं, तर बुच भुसा होऊन बोटांत आलं. 

"चार वर्षं वारा दिला," मामंजी म्हणाले. "एकदा पण चुकलो नाय. फुटू नाय दिली तुझी बाटली."

यांनी बापाच्या तोंडाकडे पाहिलं. असं बघणं मी पुन्हा कधी पाहिलं नाही. मग पितळेच्या पेल्यात ओतली, नाकाशी नेली, एक घोट घेतला आणि गिळला. "चांगली आहे," म्हणाले.

मामंजींनी पेला त्यांच्या हातातून काढून घेतला. वास घेतला. ज्या माणसाला माड ओळखू यायचा त्याला हे का कळणार नव्हतं? "आंबलीय," ते म्हणाले. "माझ्यामुळे?"

हे म्हणाले, "नाही बाबा. प्रवासात—"

"खरं सांग."

मग मीच बोलले.  म्हटलं, मामंजींचा दोष नाही, त्यांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. तुम्ही लिहिलं होतं, ते वाक्य मी वाचून दाखवलं नाही. रोज डोळ्यांसमोर होत होतं आणि मी होऊ दिलं.

"का?" यांनी विचारलं. रागानं नाही, खरंच विचारलं.

"मला दहा वर्षं थांबायचं नव्हतं," मी म्हटलं. "तुमच्याशिवाय मला करमत नव्हतं. मेल्या बाटलीचं नशीब बघा, तिच्यासाठी तारीख आणि मला 'प्रकृतीस जपावे'." सासऱ्यासमोर नवऱ्याशी असं बोलायची रीत नव्हती. मी बोलले, आणि बोलून झाल्यावर खांबाला टेकून रडले.

हे कितीतरी वेळ बुचाचा भुसा बोटांनी चोळत बसले. मग जे म्हणाले ते मी आजही जसंच्या तसं सांगू शकते. म्हणाले, "ती दहा वर्षांची बाटली नव्हतीच. ते साल पावसानं बुडालेलं, कुणी घेत नव्हतं, म्हणून म्हाताऱ्यानं मला एक दिली. म्हणाला, तीन-चार वर्षांत पिऊन टाक. दहा मी माझ्या मनानं घातलं. पाय मोडलेला, परत यायला भाडं नाही, कधी येईन ते मला ठाऊक नव्हतं. नुसतं 'येतो' लिहिलं असतं तर तू रोज बंदरावर जाऊन उभी राहिली असतीस. आकडा दिला की माणूस घरात बसून मोजतं."

आणि थोड्या वेळानं, खाली बघत, "द्राक्षांचं बाबांसाठी लिहीत नव्हतो. तू आधी वाचणार म्हणून लिहीत होतो. दुसरं लिहिलं असतं तर तुला ते त्यांच्यासमोर वाचावं लागलं असतं."

मामंजी उठले. "बसा तुम्ही दोघं खोटारडी," ते म्हणाले आणि बाटली घेऊन आत गेले. त्या शिरक्यात त्यांनी बांगडे मुरवले. तसे बांगडे मी नंतर कधी खाल्ले नाहीत. पण तेव्हा मात्र मी दोन दिवस यांच्याशी बोलले नाही. मला चार वर्षं मोजायला लावणाऱ्या माणसावर रागवायलाही चार वर्षं पुरली नसती. तिसऱ्या दिवशी ते गवताची मोळी आणताना वाकड्या पायानं घसरले, आणि मी धावले, मग कसलं न बोलणं.

त्या आठवड्यात यांनी पेटीतून आपली जहाजाची चोपडी काढली. खलाशाच्या सगळ्या नोकऱ्यांचे शिक्के तीत असतात, ती नसेल तर कुठलाच कप्तान उभं करत नाही. ती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, कुठेतरी ठेव. कुठे ते मला सांगू नको.

मी ठेवली. पाय वाकडा म्हणून माडावर चढणं त्यांना जमलं नाही. एका काजूवाल्याच्या वखारीत कामाला लागले. दोन मुली झाल्या. मामंजी माझ्या थोरलीला मांडीवर घेऊन गेले, म्हणजे ती मांडीवर असतानाच गेले, दुपारी, ओसरीवर.

पुढे दुसरी लढाई सुरू झाली. जहाजांना माणसं मिळेनात, वाकड्या पायाचीसुद्धा चालतील असं झालं, आणि पगार दुप्पट. वाडीतले अर्धे पुरुष आगबोटीनं मुंबईला गेले. एका सकाळी चहा पिता पिता हे सहज बोलल्यासारखे म्हणाले, "ती चोपडी कुठे आहे गं?"

मी म्हटलं, "सापडत नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी शोधलीसुद्धा नव्हती, हे त्यांना दिसत होतं. मी चुलीत लाकूड सारलं. ते म्हणाले, "बरं," आणि उरलेला चहा प्यायले.